वापरलेली चित्रे मुक्त करण्याबाबत

उभ्या धानाचा फोटो ॲपवर चढवल्याशिवाय तो धान खरेदी केंद्रावर घेतला जाणार नाही, असा नियम यंदा आमच्या कार्यालयाने काढला. नियम आधी निघाला, ॲप नंतर. ते बनवण्याचं काम माझ्याकडे आलं. मी मंगेश, आंधळगावचा, अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. ॲपचं नाव 'बांधीदर्शन'; बांधी म्हणजे आमच्याकडे धानाचं शेत. नाव मी ठेवलेलं नाही.

ॲप झकास चालत होतं, हे मी छातीठोकपणे सांगतो. घोटाळा सादरीकरणात झाला. अभिलेख शाखेच्या वासुदेवरावांना मी सहज समजावलं, की कॅमेरा सेकंदाला तीस चित्रं आत घेतो, म्हणून स्क्रीनवर सगळं हलतं दिसतं. दाखवून झालेलं चित्र लगेच सोडून द्यायचं, नाहीतर मेमरी भरते आणि ॲप बसतं. कुठून दुर्बुद्धी सुचली नि बोललो!

"सोडून म्हणजे?" वासुदेवरावांनी चष्मा काढला.

"पुसून, सर."

"कोनाच्या सहीनं? शासकीय कॅमेऱ्यात आलं म्हणजे अभिलेख झाला ना बे तो! अन् तू सेकंदाले तीस अभिलेख नष्ट करून राहिला?"

त्याच दिवशी आदेश निघाला. अभिलेख नाशन समितीच्या मंजुरीशिवाय एकही चित्र मुक्त करू नये. मी ॲपमध्ये तसा बदल केला. पोट मलाही आहे.

करडी गावच्या शकुंतलाबाईंची बांधी पिकून पिवळीधम्मक झाली होती. मी फोन घेऊन गेलो. फोटोत शेतकरीही दिसला पाहिजे, म्हणून त्या पदर सावरून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभ्या राहिल्या. चौथ्या सेकंदाला, मी बटन दाबायच्या आत, ॲप बसलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बसलं. वीस वेळा हेच. फोन तव्यासारखा तापला आणि आत चोवीसशे अभिलेख जमा झाले.

"बाबू, धान झडून राहिला ना. कापू का?"

"फोटोशिवाय कापलात तर केंद्रावर घेणार नाहीत, काकू."

"मंग धानाले काय सांगू? थांब बा, बाबूचा मोबाईल थंडा होऊ दे?"

मी कार्यालयाला कळवलं. परिपत्रक आलं, की फोन ओल्या फडक्यात गुंडाळून वापरावा. त्यामुळे कॅमेराच झाकला जातो, असं मी लिहिलं. शुद्धिपत्रक आलं, की फडक्याला भोक पाडावं. भोकाचा व्यास तांत्रिक शाखा ठरवणार होती. समितीची बैठक दिवाळीनंतरच्या मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, आटोपल्यावर ठेवली होती, कारण तीनपैकी दोन सदस्य पाहुण्यांकडे गेले होते.

मी वासुदेवरावांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो. "सर, बाईंची चोवीसशे चित्रं आहेत आपल्याकडे. पीकही स्पष्ट दिसतं. त्यातलंच एक लावू."

"ते बटन दाबायच्या अगोदरचे आहेत. त्यायले फोटो म्हनता येत नाही."

"मग पुसू द्या ना."

"अभिलेख आहेत, पुसता कसा?"

त्याच आठवड्यात सर्वाधिक चित्रं जमवल्याबद्दल आमच्या कार्यालयाला उत्कृष्ट कामगिरीचं प्रशस्तिपत्र मिळालं. पेढे मीही खाल्ले.

सतराव्या दिवशी शकुंतलाबाईंनी कापणी उरकली. अर्धा धान बांधीतच सांडला होता. मला फार वाईट वाटलं, लाजही वाटली. दुसऱ्याच दिवशी समितीची मंजुरी आली. जुनी चित्रं मुक्त झाली, ॲप पाखरासारखं हलकं झालं, आणि मी धावत करडीला गेलो. बटन दाबताच अर्ध्या सेकंदात फोटो निघाला. त्याखाली ॲपने आपोआप शेरा उमटवला: 'शेतात पीक आढळले नाही. अर्ज नामंजूर.'

"निघाला का फोटू?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"निघाला," मी म्हणालो. पुढचं वाचून दाखवायची हिंमत झाली नाही.

फोटो मात्र अप्रतिम आला होता. कलतं ऊन, उघडी बांधी, हातात विळा घेतलेल्या बाईंचा थकलेला चेहरा. कार्यालयाने तो ॲपच्या यशाचा पुरावा म्हणून ग्रुपवर टाकला आणि तिथून तो जिल्हाभर फिरला. तुम्हालाही आला असेलच. तुम्ही त्याखाली 'वा, काय लाइट आहे!' असं लिहिलंत, चौघांना पाठवलात, आणि मोबाईल भरतो म्हणून लगेच पुसून टाकलात.