हिरामणचं विमान आणि मानाच्या फेऱ्या

"इमान म्हंजे काय? पंख लावलेली रिक्षा! फक्त वर कोन आडवा येत नाय!"

तळवलीचा हिरामण वर्षभर ज्याला त्याला हेच ऐकवत होता. न्हाव्याला, चहावाल्याला, आणि स्वतःच्या चाळीतल्या भाडेकरूंना तर दिसतील तिथे गाठून. भाडेकरू बिचारे माना डोलवायचे. घरमालकाच्या विमानाला नावं ठेवून खोली कोण घालवणार?

पण नुसती बढाई नव्हती बरं का! पन्नाशी उलटल्यावर या बहाद्दराने परीक्षा देऊन विमान चालवायचं लायसन मिळवलं होतं, आणि एका इंजिनाचं, दोनच सिटांचं एक जुनं विमान चक्क विकत घेतलं होतं. घाट चढून गेलं की माळावर एक खासगी धावपट्टी आहे, तिथे ते उभं असायचं. तळवलीत कुठे ठेवणार? तिथे स्कूटर लावायची तरी मारामारी!

"एकच इंजिन?" त्याची आई गोजरा कळवळली. "नि बंद परला तं?"

"आये, तुझ्या छातीत तरी किती इंजिनं हायत? चाललीयस ना अजून!"

आता खरं सांगायचं तर हे सगळं पुतळासाठी होतं. पुतळा म्हणजे हिरामणची बायको. लग्न नवं होतं तेव्हा तळवलीच्या मागे पार खाडीपर्यंत भातशेती होती. पुतळा न्याहारी घेऊन बांधावर यायची, आणि हा पठ्ठ्या भाकरी टाकून आभाळाकडे तोंड करून आडवा! खाडीवरून विमानं मुंबईकडे उतरायची.

"पुतळा, एक दिवस मी इमान चालवीन. बाजूला बसशील?"

"सोताचं आना, मंग बसन!" ती खुदकन हसली होती.

बायको बोलून विसरली, हिरामण नाही विसरला. पुढे शेतं गेली, बांध गेले, भाताच्या जागी टॉवर उभे राहिले, हिरामणचे केस पिकले. पण रात्री डोळे मिटले की तोच बांध, तेच आभाळ आणि शेजारी पुतळा. फक्त आता ती दोघं खालून वर नाही, वरून खाली बघत असायची.

तर रविवारी पहिली फेरी पुतळाची, असं ठरलं. इथे हिरामणने एकच चूक केली. आईला सांगितलं!

सकाळी बघतो तर दारात टेम्पो. टेम्पोत आई, थोरली बहीण सरस्वती, धनाजीमामा, नारळाचं पोतं आणि पुतळाने रांधलेली जेवणाची पातेली. गावदेवीला नारळ फोडून वरात घाट चढली.

धावपट्टीवर कप्तान आशुतोष उभे होते. हिरामणला विमान शिकवलं ते यांनीच. पार शिस्तीचा माणूस! त्यांच्या डोळ्यांदेखत सरस्वतीने विमानाला हळद-कुंकू लावलं, पंख्याला झेंडूचा हार घातला, आणि मामाने नारळ उगारला.

"अहो, तिथे नको! पत्रा आहे तो!" कप्तान किंचाळले.

नारळ शेवटी धोंड्यावर फुटला. हार काढला. हिरामणने पुतळासाठी दार उघडलं आणि हात पुढे केला.

"थांब!" मामा गरजला. "पयला मान मामाचा! लग्नात तुला मांडवात कोनी नेला?"

"आईच्या आधी मामा?" गोजराआईने काठी आपटली. "याला जनम कोनी दिला, तू का मी?"

"नि मी करवली होते त्याचं काय?" असं म्हणून सरस्वती टेम्पोत जाऊन रुसून बसली.

आता मानाचा प्रश्न आला की आमच्याकडे भल्याभल्यांची बोलती बंद होते. लग्नं मोडलीत मानापायी, विमानाचं काय घेऊन बसलात!

हिरामणने केविलवाणं होऊन पुतळाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर मात्र सुटल्यासारखं हसू होतं. "त्यांचा मान आधी," ती म्हणाली, "मी बसन की शेवटी. काय घाई हाय?"

झालं! पहिली फेरी आईची. गोजराआईने विमान सुटताच देवाचं नाव घेतलं, वर गेल्यावर डोळा लागला, आणि उतरल्यावर म्हणाली, "कवा उडनार रे?"

दुसरी मामाची. मामाने वर गेल्या गेल्या मोबाईल काढला आणि फेरीभर स्वतःच्याच थोबाडाचा व्हिडिओ काढला. खाली काय होतं विचाराल, तर मामाच्या मिशा.

मग सरस्वतीची समजूत काढण्यात दुपार झाली. पुतळाने पानं वाढली. जेवल्याशिवाय बसायचं नाही, असा मामाचा हुकूम. कप्तानांनी हळूच सुचवलं, "ताई, भरल्या पोटी नको." पण सुकटीचं कालवण समोर असताना कोण ऐकतो? सरस्वतीने दोन भाकऱ्या जास्तच ओढल्या, आणि वर जाऊन त्या सगळ्या परत केल्या. विमानभर!

विमान धुवायला घेतलं. घासता घासता हिरामण सारखा पश्चिमेकडे बघत होता. ऊन पिवळं झालं, मग तांबूस. शेवटी हात पुसत तो धावत आला. "कप्तानसाहेब, आता फक्त पुतळा!"

"शेठ, आज नाही. सूर्य टेकलाय. अंधारात उतरायची इथे सोय नाही."

"एकच चक्कर! तीस वर्षं वाट बघतोय ओ मी!" हिरामणचा आवाज फुटला. त्याला खरंच रडू येत होतं.

कप्तान विरघळले, पण नियम नाही. "फार तर पट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवत न्या आणि परत आणा. चाकं जमिनीवरून उचलायची नाहीत!"

पातेली टेम्पोत चढवणाऱ्या मंडळींना यातलं काही ऐकू गेलं नाही, आणि थकून ती तिथेच डुलक्या घेऊ लागली; हिरामणने हाक मारली तशी पुतळा तेवढी येऊन शेजारी बसली. तिच्या कानांवर हेडफोन चढवले, पट्टा बांधला. इंजिन घरघरलं तसे तिने डोळे गच्च मिटले आणि हिरामणचं मनगट धरलं. विमान पट्टीवरून हळूहळू निघालं. दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत सोन्यासारखं हलत होतं. खडबडीत पट्टीवर विमान झुलत होतं, आणि तिच्या बांगड्या त्याच्या हातावर वाजत होत्या. हिरामणला वाटलं, ही पट्टी संपूच नये.

पण ती संपली. वळून परत आले, इंजिन थांबलं. विमान उडालंच नाही हे आता हिला सांगायचं कसं, या विचाराने तो घामाघूम. पुतळाने डोळे उघडले. ते पाण्याने भरले होते.

"ओ, किती सुंदर दिसला सगला!"

"काय दिसला?" हिरामण चाट पडला.

"आपली तळवली! टावर नाय, काय नाय. पिवला भात, पार खाडीपर्यंत. बांधावर तुमी आडवे, नि मी न्याहारी घेऊन येतेय. मना वलखलंत का नाय वरून?"

खाडी तिथून घाटापलीकडे राहिली होती, आणि भात केव्हाच टॉवरखाली गेला होता. पण हिरामणने मान डोलवली. ओळखलं म्हणाला.

टेम्पोत पुतळाने सगळ्यांना फेरी रंगवून सांगितली. वर जाऊन आलेले तिघंही तोंड उघडं टाकून ऐकत होते, कारण त्यांना काहीच दिसलं नव्हतं. "नि ह्यांचा हात किती हलका!" ती म्हणाली. "जमीन कवा सुटली, कललाच नाय!"

कप्तान गाडी चालवत बाजूने गेले तेव्हा हिरामणने मान खाली घातली.

घरी पोचल्यावर त्याने धीर केला. "पुतळा, पुढच्या रविवारी परत जाऊ. फक्त आपन दोघं. यावेळी जरा… उंच नेतो."

"आता कशाला परत?" ती पातेली घासता घासता म्हणाली. "बसन बोलले होते, बसले. सगला बघून झाला. तुमी ते इमान इका, नि गच्चीवर पत्रे टाका. सयपाकघरात पानी गलतंय!"