वसंतराव बॅग पारखतात

वसंतराव बॅग बघायला निघाले की बरोबर एक वीट घेऊन निघत.

वीट साधी नव्हती. कानशीने घासून घासून ती त्यांनी आपल्या कॅमेऱ्याच्या मापाची केली होती, वजनालाही जुळवली होती आणि धुतलेल्या टॉवेलात गुंडाळली होती. दुकानात शिरायचं, टांगलेल्यांपैकी एक बॅग खाली काढायला लावायची, तीत वीट घालायची आणि बॅग खांद्याला लावून कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं. वाटेत दोन उड्या मारायच्या. परत आल्यावर बॅग हातभर उंचीवरून फरशीवर सोडायची, मग वीट बाहेर काढून तिचे कोपरे तपासायचे. एका दुकानदाराने टॉवेलातून वीट निघालेली बघितली आणि काउंटरची काच दोन्ही हातांनी झाकली. "वसंतराव, आमचं काय चुकलं आसंल तर तोंडानं बोला की!" म्हणाला.

"पण वीट कशाला? कॅमेराच न्या ना," मी एकदा म्हणालो.

"मास्तर, बॅग वाईट हाय हे कॅमेरा फुटल्यावर कळून काय उपेग?" वसंतराव म्हणाले. "बॅग म्हंजे नुसती बॅग न्हवं. कॅमेऱ्याचं घर हाय ते. पारखून घ्यायला पायजे."

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमच्या दारासमोर वसंतरावांचा फोटो स्टुडिओ होता आणि वरच्या मजल्यावर ते आणि मालनवहिनी राहत. मूलबाळ नव्हतं. मी हायस्कुलात गणित शिकवायचो, त्यामुळे सगळ्या पेठेचा मास्तर होतो. वसंतरावांचा कॅमेरा एकावर एक दोन भिंगांचा, वरून मान घालून बघायचा. फोटो काढताना ते छातीशी कॅमेरा धरून असे वाकत की लग्नातली नवखी माणसं उलट त्यांनाच नमस्कार करत. उंच, सडपातळ, अंगात पांढरा मनिला शर्ट आणि खिशात कायम एक मऊ फडकं. या फडक्याने ते भिंग पुसत, आणि बोलता बोलता समोरच्याचा चष्माही काढून घेऊन पुसून देत.

आता ही बॅगेची पारख कशासाठी, तर मलकापूरच्या एका लग्नासाठी. वसंतरावांचे थोरले भाऊ आप्पा मलकापूरला असत. त्यांच्या मुलीचं, रंजनाचं लग्न वैशाखात धरलं होतं. भावाभावांत त्यांची आई गेल्यापासून बोलणं नव्हतं. कशावरून ते पेठेत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि आमच्या पेठेत असं सहसा होत नाही. मालनवहिनी आणि त्यांच्या जाऊबाईंचं मात्र येणंजाणं चालू होतं, आणि रंजनाला काकाचा लळा होता. तिनं वहिनींबरोबर निरोप धाडला, "काकानं फोटो काढलं तरच बोहल्यावर हुबी ऱ्हाईन. न्हायतर न्हाय." पोरगी आप्पांची, म्हणजे बोलेल तसं करणार.

निरोप आला त्या दिवशी वसंतराव दिवसभर खुशीत होते. आल्यागेल्याला चहा पाजत होते. संध्याकाळी मला म्हणाले, "जायाला पायजे मास्तर. पर आधी बॅग बगाय पायजे. मलकापूरची यष्टी म्हंजे कॅमेऱ्याचा खुळखुळा."

वास्तविक इतकी वर्षं हा कॅमेरा बाजाराच्या पिशवीतून, वर टॉवेल टाकून, सुखानं हिंडला होता. हुपरीच्या एका लग्नाहून परत येताना तर त्याच्यावर मेथीच्या जुड्याही होत्या. पण हे बोलून दाखवायची सोय नव्हती.

पहिली बॅग आली ती काळी, पितळी कडीची आणि वरून आ वासून उघडणारी. विटेच्या सगळ्या परीक्षांत ती पास झाली. ती घेऊन वसंतराव एका खेड्यात बारशाचे फोटो काढायला गेले. यष्टीतून उतरतात तोच दोघांनी त्यांना दंडाला धरून एका घरात नेलं. आत एक म्हातारा अंथरुणावर बसला होता. त्याने बॅग बघितली आणि लगेच जीभ बाहेर काढली.

"मी सांगणारच हुतो, बाबानू, मी डाक्टर न्हवं," वसंतराव मला सांगत होते. "पर तोंडातनं सवयीनं गेलं, मान जरा डावीकडं घ्या. त्यानं घेतली. हनुवटी खाली. केली खाली. मग म्हटलं, हासा."

"मग?"

"हासला की. घरची माणसं म्हणाली, पडल्यापासनं पहिल्यांदा हासला. च्या पाजूनच सोडलं मला."

बॅग मात्र बाद झाली. लग्नाच्या मांडवात ही बॅग शिरली तर लोक आधी विचारतील की कोण आजारी पडलं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

दुसरी बॅग मालनवहिनींनीच शिवली. जुन्या लुगड्यांचे थर घालून, गोधडीसारखे टाके मारून शिवलेली ती बॅग इतकी मऊ होती की वीट टाकली तर आवाजच येत नसे. तिच्यात दोष एकच निघाला. मांडवात ती खाली ठेवली की कुणीतरी बाई येऊन तिच्यावर लेकरू निजवी. एका साखरपुड्यात लेकरू उठेपर्यंत सगळी पाहुणेमंडळी फोटोसाठी ताटकळत उभी राहिली.

मग वसंतरावांनी ठरवलं की बॅग करूनच घ्यायची. गल्लीच्या तोंडाशी सखारामचं चपलांचं दुकान होतं. त्याच्या हातच्या पायताणांना लांबून लांबून गिऱ्हाईक येई. वसंतरावांनी त्याच्यासमोर वीट ठेवली आणि बॅगेला कुठे कप्पा, कुठे अस्तर, पट्टा किती रुंद, सगळं समजावून सांगितलं. सखाराम ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "एक नंबर करतो मालक. बगत ऱ्हावा."

बॅग खरोखर एक नंबर झाली. बदामी चामडं, बारीक टाके, झाकणावर वेणी. वसंतरावांनी ती खांद्याला लावली आणि दुकानाची पायरी उतरले. बॅग म्हणाली, कर्र.

दुसरं पाऊल टाकलं. कर्र कर्र.

"ह्ये काय रं?" वसंतरावांनी विचारलं.

"आवाज टाकलाय की!" सखाराम म्हणाला. तळाच्या दोन थरांमध्ये त्याने, करकरणाऱ्या चपलेत बसवतात तसा, आवाजाचा तुकडा बसवला होता. तोही सगळ्यांत भारी, पैलवान मंडळींच्या चपलेत घालतात तो. "माणूस निघाला तर पेठंला कळाय नगं व्हय? आमच्यात बिनआवाजाचं काय देत न्हाय आमी."

वसंतरावांना चामडं आवडलं होतं, म्हणून त्यांनी बॅग तशीच नेली. दुसऱ्याच दिवशी शुक्रवार पेठेत एक लग्न होतं. तिथे घोटाळा झाला. वसंतराव बटण दाबायला वाकले की खांद्यावरची बॅग कर्र करे आणि समोरची सगळी माणसं तिकडे बघत. त्या लग्नाचे फोटो मी पाहिलेत. नवरा, नवरी, व्याही, विहिणी, करवल्या, सगळ्यांची नजर एकजात कॅमेऱ्याच्या एका बाजूला. तिकडून बैल उधळत येत असावा असंच वाटतं.

सखारामने शिवण उसवून आवाज काढून दिला, पण आवाज काढा म्हणणारं गिऱ्हाईक भेटल्याचं दुःख त्याने सगळ्या गल्लीला सांगितलं. आता बॅग हलकी होती, भक्कम होती, गप्प होती. मी म्हणालो, "वसंतराव, सुटलो बुवा. आता तरी ठरली ना?"

वसंतरावांनी बॅग खाली ठेवली, थोडा वेळ तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "न्हाय मास्तर. मुकी झाली. मलकापूरच्या गर्दीत कुणी उचलून नेली तर कळायचंसुदीक न्हाय."

तेव्हा मालनवहिनी जिन्यात उभ्या होत्या. हळदीसाठी म्हणून त्या दुसऱ्या दिवशी मलकापूरला पुढे जायच्या होत्या. वसंतराव आत गेल्यावर मला म्हणाल्या, "मास्तर, बॅगंत काय बी खोट न्हाय. बॅग ठरली की जावं लागंल, म्हणून ठरत न्हाय. आप्पास्नी तोंड द्यायची छाती न्हाय हेंची. तुमी संगं जावा. एकटं सोडलं तर वाटंत बांबवड्याला उतरून माघारी येतील."

रंजनाला शब्द द्यायचा आणि ऐन वेळी जायचं नाही, म्हणजे पोरगी बोहल्यावर अडून बसणार आणि दोन घरांचं उरलंसुरलं नातंही तुटणार. मला सुट्टीच होती. मी गेलो.

यष्टीत वसंतराव बॅग मांडीवर घेऊन बसले. नेहमी खिडकीतून माणसांच्या तोंडावरचा उजेड बघत बडबडणारा हा माणूस आज नुसता बॅगेचा पट्टा ओढून ओढून बघत होता. बांबवडे आलं तसे ते खरंच उठले.

"मास्तर, पट्टा जरा ढिला वाटतोय. म्हंजे मी काय म्हणतो..."

मी बॅग काढून घेतली आणि माझ्या मांडीवर ठेवून वर दोन्ही हात ठेवले. कॅमेरा सोडून वसंतराव कुठे जाणार? ते खाली बसले. गाडी सुटली.

मांडवाच्या दारात आप्पा पाहुण्यांचं स्वागत करत होते. भरघोस मिशा, डोक्याला फेटा. मला म्हणाले, "या पावणं." भावाकडे बघून म्हणाले, "आलास?"

"आलो," वसंतराव म्हणाले.

भाषण एवढंच. मग वसंतराव कामाला लागले आणि एकदा कॅमेऱ्यात मान घातल्यावर त्यांना कशाचं भान राहिलं नाही. रंजना बोहल्यावर अशी हसत उभी होती की भटजींनाही हसू आवरेना. माझ्या लक्षात एक गोष्ट आली. आप्पा मांडवभर होते, पण कॅमेरा त्यांच्याकडे वळला की ते पाणी सांगायला, पंगत बघायला निघून जात. वसंतरावांच्याही ती लक्षात आली होती, कारण ते पुन्हा पुन्हा तिकडे वळत होते.

रंजना सासरी गेली. रडून झालं, मांडव रिकामा झाला, दिवस बुडायला आला. आप्पा ओट्यावर बसले होते, मी शेजारी, आणि खालच्या पायरीवर वसंतराव बॅगेचा पट्टा उगाच सारखा करत. मालनवहिनींनी चहा आणून दिला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "आप्पा, तुमचा मात्र एकही फोटो निघाला नाही."

आप्पा बोलले माझ्याशी, पण भावाला ऐकू जाईल असं.

"मला हौस न्हाय, मास्तर. आमच्या आईला हुती. ह्यो कोल्लापूरासनं आला की नवं लुगडं नेसून अंगणात खुर्चीवर बसायची. ह्यो वर बगायचा, खाली बगायचा आन म्हणायचा, आई, आज उजेड चांगला न्हाय, म्होरल्या खेपंला काढू. ती लुगडं बदलून परत चुलीम्होरं बसायची. कैकदा झालं आसं. गेली तवा घरात तिचा एक फोटो न्हाय. समद्या मुलखाच्या आयांचं काढलं ह्यानं."

मालनवहिनी दारातच थांबल्या. वसंतरावांनी कप खाली ठेवला.

"चांगला काढायचा हुता, आप्पा," ते म्हणाले.

"म्हाईत हाय की. तिलाबी म्हाईत हुतं," आप्पा म्हणाले. "पर न्हाय त्यो न्हाय."

चांगल्याच्या नादात या माणसाचं काय हातचं गेलं होतं हे मला तिथं कळलं, आणि फार वाईट वाटलं.

वसंतराव उठले. "खुर्ची घिऊन अंगणात चल, आप्पा."

"आता? दिवस बुडाला की."

"आसू दे."

"त्यो लखलखणारा बलब हाय का तुझा?"

"लग्नात संपलं समदं. तू चल."

आप्पा कुरकुरत उठले. लग्नात पाण्यासाठी आणलेलं पिंप अंगणात होतं. वसंतरावांनी ते पालथं घातलं, वर बॅग आडवी ठेवली, तिच्यात मुठीनं खळगा पाडला आणि त्या खळग्यात कॅमेरा बसवला. उजेड कमी असला की कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो आणि तेवढ्यात तो केसभरही हलून चालत नाही. ओल्या पिंपाचं पाणी बदामी चामड्यात भिनत होतं. वसंतरावांनी त्याकडे बघितलंही नाही.

"हलू नगंस."

"हलत न्हाय."

गुडघ्यांवर हात ठेवून, मान ताठ करून आप्पा बसले होते. डोळे भरून आले होते, पण पुसायला त्यांनी हात उचलला नाही. फोटो निघाला.

आप्पा उठले, आणि खुर्चीकडे बोट दाखवून भावाला म्हणाले, "आता तू बस हितं."

"मी?"

"तुझा तरी कुटं हाय घरात? मास्तर, तुमास्नी येतंय न्हवं बटन दाबाय?"

"थोरल्यानं बसायचं आसतंय, आप्पा. धाकट्यानं मागं हुबं ऱ्हायाचं. तशी रीत हाय फोटूची."

"बस म्हटलं की बस."

वसंतराव बसले. जन्मभर लोकांना खुर्चीत बसवलेल्या या माणसाला स्वतःचे हात कुठे ठेवावेत ते कळेना. बसल्या बसल्या ते मला बटण कसं धरायचं, कधी सोडायचं ते सांगू लागले. "आन उजेड, मास्तर, उजेड जरा..."

"गप," आप्पा म्हणाले. ते खुर्चीमागे उभे राहिले आणि भावानं हलू नये म्हणून त्यांनी त्याच्या खांद्यावर हात दाबून ठेवला.

मी बटण दाबलं, सांगितलं होतं तेवढा वेळ थांबलो आणि सोडलं. "झालं," मी म्हणालो. आप्पांनी हात काढला नाही, आणि वसंतरावही खुर्चीतून हलले नाहीत.