फेड अप विथ चंद्रभागाबाई

खैरटोल्याच्या शाळेत त्या दिवशी वरणाला फोडणी बसायच्या आधीच साहेबांची गाडी फाटकात येऊन उभी राहिली. साहेब येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण साहेब सांगितलेल्या वेळेला येतात हा अनुभव गावाला नवा होता. मुख्याध्यापक ठवकर गुरुजींनी घाईघाईनं शर्टाचं वरचं बटण लावलं आणि आठवडाभर घोकलेलं इंग्रजी वाक्य पुन्हा एकदा मनात म्हणून पाहिलं.

हे वाक्य चंद्रभागाबाईंसाठी होतं. शाळेतल्या मुलांचा भात त्याच शिजवायच्या. सरकारी तांदूळ-डाळ संपली की कोणाला न विचारता स्वतःच्या शेताच्या धुऱ्यावरची लाखोरीची भाजी खुडून आणायच्या. पण आता मोहाडीला एकच मोठं स्वयंपाकघर काढायचं आणि गावोगावी गाडीनं डबे पाठवायचे, असं वर चाललं होतं. कुठली चूल ठेवायची नि कुठली विझवायची, हे जिल्ह्याचे नवे साहेब स्वतः शाळा फिरून ठरवत होते. बाईंचा नवरा गेलेला, लेक टीना तुमसरला दिलेली. ही चूल गेली तर उद्यापासून रांधायचं कोणासाठी, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

साहेबांचं नाव सेल्वन. तमिळनाडूचे, वयानं कोवळे, मराठी शिकत होते. पण अडलं की इंग्रजीवर यायचे. त्यामुळे बोलायचं काम आपसूक गुरुजींवर आलं. गावात इंग्रजी अक्षर दिसलं, मग ते खोकल्याच्या बाटलीवर असो की फवारणीच्या डब्यावर, ते गुरुजींकडेच यायचं.

गुरुजींनी इंग्रजीचं एक सोपं तंत्र काढलं होतं. "क्रियापद पक्कं धरा," ते मुलांना सांगत. "बाकी अप, डाऊन, इन, विथ हे गाईमागच्या वासरावानी आपोआप येतेत." इंग्रजीतली ही वासरं कधीकधी गाईलाच ओढून भलत्याच्या शेतात नेतात, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

साहेबांना खुर्ची दिली, पाणी दिलं. गुरुजी उभे राहिले.

"सर, वुई ऑल आर फेड अप विथ चंद्रभागाबाई!"

गुरुजींच्या हिशेबानं वाक्य चोख होतं. फेड म्हणजे जेवू घातलेले. अप म्हणजे वर, अर्थात गळ्यापर्यंत. विथ म्हणजे तिच्यापाशी. साहेबांच्या इंग्रजीत मात्र त्याचा एकच अर्थ होता: आम्ही सगळे चंद्रभागाबाईंना विटलो आहोत.

साहेबांनी पेला खाली ठेवला. "ऑल ऑफ यू?"

"ऑल, सर! माय वाइफ ऑल्सो."

"अँड द चिल्ड्रन?"

"चिल्ड्रन मोअर, सर!" साहेबांचा चेहरा गंभीर झालेला पाहून गुरुजींना जोर चढला. "सम चिल्ड्रन आर फेड अप ट्वाइस!"

दोनदा भात वाढून घेणारी पोरं त्यांच्या डोळ्यांपुढे होती. साहेबांच्या डोळ्यांपुढे काय होतं, कोण जाणे. ते मान हलवून म्हणाले, "आय विल लुक इन्टू इट."

लुक म्हणजे पाहणे, इन्टू म्हणजे आत. गुरुजींच्या अंगावर आनंदाचा काटा आला. साहेब भांड्यात डोकावून पाहणार! शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका दामिनी मॅडमना साहेबांपाशी बसवून ते तसेच मागच्या चुलीकडे पळाले.

"बाई, गंजावरचं झाकण काढा! साहेब आतमंदी पाहतो म्हणून राहिले!"

चंद्रभागाबाई जागच्या हलल्या नाहीत. चूल पेटलेली होती, वरण शिजत होतं आणि त्या भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. शेजारी साहेबांचा ड्रायव्हर भुपेंद्र खाली मान घालून उभा होता.

"तोंडावर सांगाचं होतं, गुरुजी," बाई म्हणाल्या.

"काय सांगाचं?"

"का तुमी मले कंटाळले. तुमची बायकोबी कंटाळली. लेकरं तर दोनदोनदा कंटाळले."

"कोण म्हणते असं?"

"तुमीच म्हणाले जी," भुपेंद्र हळूच म्हणाला. "मी खिडकीपाशीच होतो. फेड अप म्हणजे कंटाळनं. आमचे साहेब आमच्यावर रोज फेड अप होतेत, मले पक्कं मालूम आहे."

अप म्हणजे वर, वर म्हणजे गळ्यापर्यंत, हे सगळं गुरुजींनी मनात पुन्हा जुळवून पाहिलं. जुळत होतं. तरीही बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

"भात कच्चा राह्यला का कधी?" बाईंनी विचारलं. "मीठ जास्त झालं? काही तं झालंच असन ना."

गुरुजी आले तसेच परत पळाले. साहेब उठून निघायच्या तयारीत होते. शाळेची सगळी पोरं खिडक्यांना लटकली होती, कारण आपले गुरुजी इंग्रजी बोलतात हे पाहण्यासारखंच होतं.

"सर, मिस्टेक!" गुरुजी धापा टाकत म्हणाले. "चंद्रभागाबाई नो गो! इफ शी गोज, वुई आर फिनिश्ड विथ हर!"

ती गेली तर तिच्यासोबत आम्हीही संपलो, असं त्यांना म्हणायचं होतं.

"आय अंडरस्टँड," साहेब सहानुभूतीनं म्हणाले. "यू आर फिनिश्ड विथ हर."

दामिनी मॅडमनी कपाळाला हात लावला. "गुरुजी," त्या कुजबुजल्या, "तुमी म्हणून राहिले का आता आमचा अन् तिचा संबंध संपला."

गुरुजींनी खिडक्यांकडे पाहिलं. त्या पोरांचे बापही त्यांच्याच हाताखाली शिकले होते आणि गुरुजींना इंग्रजी येतं यावर सगळ्या गावाचा विश्वास होता. तो मोडताना त्यांना फार वाईट वाटत होतं. पण भिंतीला टेकून बसलेल्या बाई त्यांच्या नजरेसमोरून जाईनात.

"साहेब," ते म्हणाले, "मले इंग्रजी येत नाही जी."

खिडकीतली पोरं एकमेकांकडे पाहू लागली.

"शब्द येतेत. ते एकमेकाच्या बाजूले बसले का काय करतेत, ते समजत नाही. मले इतकंच सांगाचं होतं का या बाईनं आमाले पोटभर खाऊ घातलं. तिले काढू नका."

साहेबांना अर्धं समजलं. उरलेलं दामिनी मॅडमनी सांगितलं. "फेड अप ट्वाइस"चा खुलासा झाल्यावर साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते. मग ते जपून मराठीत म्हणाले, "गुरुजी, मला पण मराठी अशीच येते. चला, जेवू."

साहेब पोरांच्या पंगतीत मांडी घालून बसले. चंद्रभागाबाईंनी डोळे पुसले, पण राग पुसला नव्हता. गुरुजींना त्यांनी भात कमी वाढला. साहेबांना मात्र वरण-भात आणि लाखोरीची भाजी भरपूर वाढली. साहेब एक शब्द न बोलता जेवले, पुन्हा भात मागून घेतला, आणि ताट साफ झाल्यावर दामिनी मॅडमकडे वळून म्हणाले, "इथे डब्याची गाडी नको. ही चूल राहू दे."

गुरुजींनी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात साहेबांना बाईंशी स्वतःच्या तोंडानं दोन शब्द बोलायची हुक्की आली. पावत्यांवर रोज वाचलेले दोन शब्द त्यांना चांगले पाठ होते. भरून म्हणजे पोट भरून, पावलो म्हणजे मिळालं. ते दोन्ही हात जोडून मोठ्यानं म्हणाले,

"बाई, तुमच्या जेवणाने मी अगदी भरून पावलो!"

भुपेंद्रचा घास हातातच राहिला. दामिनी मॅडमनी डोळे मिटले. गुरुजी अर्धवट उठले, "बाई, तसं नाही जी, साहेबाले म्हणाचं आहे..."

बाईंनी त्यांना हातानंच बसवलं. त्या साहेबांकडे पाहत होत्या. जोडलेले हात सोडून साहेबांनी रिकामी वाटी पुढे धरली होती.

बाईंनी वाटी काठोकाठ भरली. मग गुरुजींच्या ताटात मघाचा राहिलेला भात वाढता वाढता विचारलं,

"गुरुजी, तुमचं ते फेड अप, ते हेच काय?"

"हो," गुरुजी म्हणाले. "हेच."