बाहेर अकोला, आत चिखलदरा

कुणाच्या पायाला ठेच लागली की आमच्या शेजारचे बापूसाहेब वकील ती पाहायला येत. विचारपूस करायला नव्हे. काम कुठवर आलं ते पाहायला. अकोल्यात आमच्या जठारपेठेत कुणी घर बांधायला काढलं की रिकामी माणसं जाऊन उभी राहतात ना, तसे ते पोरांच्या फुटलेल्या गुडघ्यांपुढे उभे राहत. "खरवडू नको बे. आतले लोक कामावर आहेत."

'आतले लोक' म्हणजे शरीरातले. नागपूरला कायदा शिकताना त्यांच्या खोलीत डॉक्टरकीचा एक विद्यार्थी होता. बापूसाहेबांनी त्याची सगळी पुस्तकं वाचली. स्वतःची वाचायची राहिली, असं आमचे हे म्हणत. हे शाळामास्तर, त्यांना लोकांनी काय वाचलं नाही ते लगेच कळतं.

हाल अशिलांचे होत. एकदा मे महिन्यात बापूसाहेब काळा कोट घालून, तोंडात थर्मामीटर धरून, भर दुपारी अंगणात उभे. धामणगावचा एक अशील ओसरीवर बसून विचारतोय, "वकीलसाहेब, माह्या वाटनीच्या दाव्याचं काय झालं?" बापूसाहेबांना तोंड उघडता येईना. शेवटी थर्मामीटर काढून त्याच्यापुढे धरलं.

"पाह्य. बाहेर अकोला, आत चिखलदरा. आतला थंडावा कोन सांभाळते?"

"तुमीच सांभाळत असान, साहेब."

"आतले लोक! एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार. जलमभर वाटनीच चालू. पन त्यायचा दावा कधी कोर्टात आला काय?"

अशील उठला आणि दुसऱ्या वकिलाकडे गेला.

मला असल्या गप्पांना वेळ नसे. मग आमच्या वत्सलीला मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, आला. तेव्हा त्या तापावर औषध नव्हतं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, "आतड्यात जखमा असतात. ताप उतरला तरी मी सांगेपर्यंत दूध आणि पेज. भाकरीचा एक घास पोरीच्या जिवावर बेतेल."

ताप उतरला आणि वत्सली भुकेने रडायला लागली. त्यात वऱ्हाडात आजाऱ्याला पाहायला कुणी रिकाम्या हाताने येत नाही. डबे यायला लागले. बापूसाहेबांनी तिच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकली.

दर्यापूरहून ह्यांच्या आत्याबाई लाडू घेऊन आल्या. "पोरीले उपाशी मारून राहिले काय तुमी?"

"आत्याबाई, तिच्या आतड्याची भीत आत्ताच लिपली आहे. ओल्या भितीले कोनी बैल बांधते काय?"

"माह्या लाडवाले बैल म्हनता?"

"नाही म्हनत. आना इकडे, मी खातो."

आणि खाल्ले. डबा परत केला तर पाहुणी दुखावते, घरात ठेवला तर पोर शोधून काढते. म्हणून येईल तो डबा त्यांनी खुर्चीतच संपवला. शेवटी पोट बिघडून भर कोर्टातून पळावं लागलं. "आतल्यांनी संप केला," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. एकदा ह्यांनाच पोरीचं रडणं ऐकवेना. भाकरीचा तुकडा घेऊन दाराशी गेले. "मास्तर, मागं फिरा," बापूसाहेब इतकंच म्हणाले. हे फिरले, आणि स्वयंपाकघरात येऊन रडले.

पोर वाचली. डॉक्टरांचे उपकार आहेतच, पण दार डॉक्टरांनी राखलं नव्हतं.

तापानंतर वत्सलीचे सगळे केस गळाले. ती माझं जुनं लुगडं डोक्यावर ओढून कोपऱ्यात बसे, मैत्रिणींना भेटेना. दारात आता काही काम उरलं नव्हतं, तरी बापूसाहेब रोज कोर्टाआधी येऊन बसत. मीही खुर्ची उचलली नाही.

एका सकाळी मी वत्सलीच्या डोक्यावरचं लुगडं बाजूला सारून त्यांना तिचं डोकं दाखवलं. सगळीकडे बारीक काळी लव उगवली होती. आता भाषण होणार म्हणून मी उठायला लागले.

"वयनी," ते हळू म्हणाले, "हात लावून पाहू काय?"

"मला काय विचारता? तिला विचारा."

वत्सलीने डोकं पुढे केलं. त्यांनी तळहात धोतराला पुसला आणि अलगद ठेवला. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं.

"लय मऊ आहे," एवढंच म्हणाले.

कोर्टाची वेळ टळत होती. घड्याळ मला समोर दिसत होतं. मी उठून चहाचं आधण ठेवलं.