दगडूमामांचं नासकं दूध

दूध नासलं की दगडूमामांचा चेहरा उजळत असे. दूध गाईचं नव्हे, भुईमुगाच्या दाण्यांचं. आदल्या दिवशी भिजत घातलेले दाणे सकाळी पाट्यावर वाटायचे आणि पाणी घालून फडक्यातून पिळायचे. उन्हात ठेवलेल्या त्या दुधाला दुपारी आंबट वास सुटला की भिंतीपलीकडून हाक येई, "बातमीदार, या. नासलं म्हंजी कामाला आलं."

तेव्हा मी मिरजगावला त्यांच्या शेजारच्या खोलीत राहत होतो आणि नगरच्या एका दैनिकाला दुष्काळाच्या बातम्या पाठवत होतो. मामांनी पलटणीच्या मेसमध्ये वीस वर्षं केक भाजले होते. त्या वर्षी गावची गुरं चारा छावणीत होती. मिळेल ते गाईचं दूध लेकरांसाठी, असं मामांनी स्वतःपुरतं ठरवलं होतं. केक मात्र थांबला नाही. कणीक, गूळ, नासकं दूध, शेवटी सोडा. सोडा पडताच सगळं फसफसून वर येई. मग पातेलं तापल्या वाळूवर, झाकणावर निखारे, आणि समोर मामा सावधान स्थितीत. भाजताना कुणी बोललं तर केक बसतो, असं त्यांचं मत होतं. एकदा तलाठी काही विचारायला आले. मामांनी त्यांना खुणेनंच अर्धा तास उभं केलं.

केक मामा स्वतः चाखत नसत. एक फोड मला. बाकीचा पत्र्याच्या डब्यातून पुणतांब्याला, लेकीकडे. शांतानं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं होतं आणि मामा लग्नाला गेले नव्हते. त्याला दोन वर्षं झाली. तिचं एक पत्र नाही. गुळाचा ट्रक घेऊन आठवडी बाजाराला येणारा ड्रायव्हर डबा नेई, पुढच्या बाजाराला घासलेला परत आणी. काही बोलली का, असं मामा दर वेळी विचारत. तो नकारार्थी मान हलवी. मग मामा डब्याच्या कोपऱ्यातून बोट फिरवत आणि म्हणत, "खाती तर."

जावईच खात असतील, असं मी एकदा म्हणालो. मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

एका बाजाराला ड्रायव्हर डबा देऊनही घुटमळला.

"ताई म्हनल्या, मागचा केक लई गच्च हुता. दूध अजून एक दिस नासू द्या म्हनावं."

मामा भडकले. साहेब लोकांनी वीस वर्षं मिटक्या मारल्या, हिला काय कळतंय, असं त्यांनी मला ऐकवलं, पानवाल्याला ऐकवलं, एसटीची वाट पाहणाऱ्या अनोळखी माणसांनाही ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दूध नासलं. हाक आली नाही, म्हणून मीच गेलो. मामांनी पातेल्यावर ओलं फडकं टाकलं होतं आणि शेजारी मांडी घालून बसले होते. चूल पेटवायची ना, मी विचारलं.

"उद्या," मामा म्हणाले. "वरनं हुकूम आलाय."