साळिंदरशास्त्री आणि डोक्यांच्या दोन मापांचं वारूळ

आफ्रिकेतल्या एका जंगलात, बाळांनो, जमिनीखाली घर करून राहणाऱ्या मुंग्या होत्या. लहान डोक्याच्या मुंग्या गवताचं बी वेचून आणत. मोठ्या डोक्याच्या मुंग्या ते जबड्याने फोडत. मग सगळ्या मिळून खात. आपल्याला काय म्हणतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नव्हतं.

एकदा हत्तींना डुंबायला तळं हवं झालं. जागा ठरली ती नेमकी वारुळाची.

सिंहमहाराज न्यायी होते. ते म्हणाले, "जात दुर्मीळ असेल तर वारुळाला कुणी हात लावणार नाही. तसा दाखला आणा."

दाखले साळिंदरशास्त्री देत. टाचण्या त्यांच्या अंगावरच उगवत. एवढ्या भांडवलावर ते कीटकांचे थोर अभ्यासक झाले होते.

लहान डोक्याची चिमी आणि तिची मोठ्या डोक्याची बहीण ढोबरी अर्ज घेऊन गेल्या. शास्त्रीबुवांनी वारुळातून मेलेल्या दोन मुंग्या मागवल्या, लहान आणि मोठ्या डोक्याची एकेक. त्या टाचणीवर चढवल्या. पाठीवरचे केस मोजले, डोकी मापली आणि आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत.

नवव्या दिवशी म्हणाले, "या दोन वेगळ्या जाती आहेत."

"अहो, ही माझी सख्खी बहीण," चिमी म्हणाली. "एकाच राणीच्या पोटच्या आम्ही."

"घरगुती माहिती शास्त्रात धरत नाहीत. माप धरतात."

"एकदा वारुळात येऊन बघा तरी, शास्त्रीबुवा."

"नको. तिथे मुंग्या फार असतात. निरीक्षण बिघडतं."

दाखला मिळाला. लहान डोक्याची जात अतिदुर्मीळ, वारूळ तिचं. मोठ्या डोक्याची जात घुसखोर, तिने आठ दिवसांत जागा सोडावी. दुर्मीळ जातीला शास्त्रीबुवांनी सिंहमहाराजांचं नाव दिलं. घुसखोरांना आपल्या शेजाऱ्याचं.

वारूळ वाचलं म्हणून लहान डोक्याच्या मुंग्या नाचल्या. ढोबरीचं डोकं पहिल्यापासूनच जरा परकं वाटायचं, असं काहींना आठवायलाही लागलं.

चिमी मात्र रडत तिला वारुळाच्या तोंडापर्यंत पोचवायला गेली. "ताई, आता बी कोण फोडणार गं?"

"दाखल्यात लिहिलं असेल," ढोबरी म्हणाली आणि आपल्या बहिणींना घेऊन चालू लागली.

कोठारं बियांनी गच्च भरली होती. पण एकीच्याही जबड्याने बी फुटेना. महिन्याभरात सगळं वारूळ भुकेने मेलं, चिमीसुद्धा. मला याचा अजून राग येतो.

शास्त्रीबुवा पाहणीला आले. त्यांनी दाखल्यावरचा 'अतिदुर्मीळ' हा शब्द खोडला आणि सुवाच्य अक्षरात 'नामशेष' लिहिलं. अभ्यास पूर्ण झाल्याबद्दल सिंहमहाराजांनी त्यांना शाल दिली.

तात्पर्य: आपण कोण, हे बहिणीला विचारू नये. तिला ते नुसतं ठाऊक असतं, दाखला देता येत नाही.