स्लोचा स्क्रू

"गिरधर, इंजिन बोंबलाले नको, रडाले नको. जातं बोलस ना, तसं बोलाले जोयजे."

दलसिंग मिस्त्रीचा हा आवाज गिरधरआबांच्या कानात तरुणपणी शिरला, तो तिथंच बिऱ्हाड करून बसला. मिस्त्री केव्हाच गेला, त्याच्या गॅरेजच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. पण अंगणात पांढरी पद्मिनी मोटार आणि कानात मिस्त्री, असे दोघे कोरीट गावात टिकून राहिले.

गाडी उभी असताना, पेडलवर पाय नसताना इंजिन स्वतःशीच जे गुणगुणत राहतं, त्याला मिस्त्री 'स्लो' म्हणायचा. कार्बोरेटरच्या कुशीत त्याचा एक इवलासा स्क्रू असतो. आवळला की गुणगुण वाढते, ढिला केला की मंदावते, आणि फारच ढिला केला तर इंजिन मरतं. आबा तो स्क्रू कानानं लावत. बोनेटवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवत, डोळे मिटत, आणि पाणी दळणाऱ्या बाईच्या नथीइतकंच हललं की स्क्रूड्रायव्हर खिशात घालत. "अख्खा जिल्हामा असा कान नही," असं ते सांगत. त्यासाठी कुणी विचारावं लागत नसे.

आणि तरीही ती गाडी मरायची!

एकटे नंदुरबारला गेले तर कुरकुर नाही. पण सोमवारी बायकोला, सरलाबाईंना, शेजारी बसवून प्रकाशाच्या महादेवाला निघाले, की तापीच्या पुलाअलीकडच्या गतिरोधकावर, कडुनिंबाखाली, आबांनी पाय उचलायचा अवकाश, पद्मिनी एक उचकी देई आणि डोळे मिटी. मग आबा रागानं इतकं पेडल हाणत की पेट्रोल नाकातोंडात गेल्यासारखी ती अर्धा तास निपचित पडे. आबा निंबाच्या बुंध्याशी डोकं धरून बसत. जेट साफ केला, प्लग बदलले, बोनेटवरून लिंबूसुद्धा उतरवलं. मोटारसायकलवाले जाता जाता चौकशी करत, "आबा, आज दहावा का तेरावा?"

शेजारी सरलाबाई निवांत शेंगा सोलत आणि गुणगुणत:

*तापीना काठवर, गाडी मन्ही थांबनी,*
*सांगानी ती गोठ, व्हटमाच लांबनी...*

"गाडी मरी गई, अन तुले गानं सुचस?" आबा कळवळून म्हणत. दुसरं काही करण्यासारखं नसल्यानं मग ते शेंगा खात, सासरी गेलेल्या लेकीचा, मयूरीचा विषय निघे, केळीच्या बागेचा निघे, कधी लग्नाच्या वेळच्या गमतीही निघत. तेवढ्यात इंजिन थंड होऊन सुरू होई आणि गोष्ट अर्ध्यावरच निंबाखाली राही. पुलावर इतर बायांसारखं सरलाबाईंनीही तापीमाईला नाणं वाहावं, असं आबा दरवेळी सुचवत. बाईंच्या पदराच्या गाठीत एक जुनं चार आण्याचं नाणं होतंही. पण त्या गाठ घट्ट धरून म्हणत, येताना वाहीन. येताना म्हणत, पुढच्या खेपेला.

शेवटी मुलगा योगेंद्र वैतागला.

"आबा, ह्या सोमवारले मी मांगे बससू. पूल येवापावत एकदाबी बंद पडनी, त मंगळवारले भंगारवाला येई."

रविवारी संध्याकाळी आबांनी स्क्रू लावला. पेल्यातलं पाणी नथीइतकंच हललं. तरी भीतीपोटी त्यांनी अजून एक फेरा आवळला. कानातला मिस्त्री नको म्हणाला; आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी त्याचं ऐकलं नाही. मग बोनेटवर कपाळ टेकवून ते बराच वेळ उभे राहिले, आजारी म्हशीपाशी उभं राहावं तसे. ओसरीतून सरलाबाई पाहत होत्या.

सोमवारी सकाळी नेहमीप्रमाणे बाईंनी तांब्यानं रेडिएटरमध्ये पाणी भरलं, हळदकुंकू वाहिलं. आबा आतून टोपी घालून आले. किल्ली फिरवली, आणि पद्मिनी जी सुरू झाली ती जात्यासारखी नव्हे, वरातीतल्या बँडसारखी! थंडी आहे, उतरेल थोड्या वेळानं, असं आबांनी मागे बसलेल्या योगेंद्रला सांगितलं. ते काही उतरलं नाही. पाय उचलला तरी गाडी पळतच होती, माहेर दिसल्यासारखी.

गतिरोधक आला. आबांनी पाय उचलला. इंजिन मेलं नाही. गाडी टुणकन उडून पलीकडे गेली. "जिती शे," म्हणत आबा आनंदानं मागे वळले, तेवढ्यात पुढं एक शेळी आडवी आली. त्यांनी स्टिअरिंग फिरवलं. शेळी वाचली आणि पद्मिनी रस्त्याकडेच्या पथारीत, वाळत घातलेल्या एकरभर लाल मिरच्यांत, पोटापर्यंत जाऊन बसली.

आबांनी गिअर काढला. किल्ली बंद केली. इंजिन चालूच. किल्ली उपसून हातात घेतली. तरी चालूच, धडधड, धडधड! तापलेल्या इंजिनाला आता किल्लीची गरज उरली नव्हती. पंख्यानं मिरचीचा खकाणा ओढून असा उधळला की योगेंद्र, शेळी आणि निंबावरचे कावळे एकदमच शिंकले.

पथारीचे मालक भंवरलालशेठ नाकाला रुमाल लावून धावत आले आणि गिरधरभाऊंना गाडी बंद करायला विनवू लागले. आबांनी हातातली किल्ली दाखवली. शेठनी किल्लीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं.

"मंग हाई कोन चलाई ऱ्हायनं?"

  आपला कान कच्चा निघाला, मंगळवार आला, एवढंच आबांना कळत होतं.

सरलाबाई उतरल्या. नाकाला पदर लावून त्यांनी बोनेट उघडलं. पदराची गाठ सोडली, चार आण्याचं नाणं काढलं, नेमकं त्या इवल्याशा स्क्रूच्या खाचेत बसवलं आणि फिरवलं. पद्मिनीनं एक उचकी दिली आणि डोळे मिटले. खालून तापीचं पाणी ऐकू येऊ लागलं.

योगेंद्र शिंक आवरत म्हणाला, "आबा, पूल अजून येवाना शे. गाडी बंद पडनी."

"पडनी नही," सरलाबाई म्हणाल्या. "मी पाडी."

सगळे त्या नाण्याकडे बघत राहिले. त्याची कड झिजून पातळ झाली होती.

"दर सोमवारले पानी भरतांना तो स्क्रू मीच ढिला करू. काल तुम्ही बोनेटवर डोकं टेकेल देखं, मन्हा जीव तुटना. म्हनीसन आज उलटा, एक फेरा कसी दिन्हा."

"एक मीबी कसेल व्हता," आबा पुटपुटले. मग डोळे चोळत त्यांनी विचारलं, "पन इतला वरीस ढिला कसाले करे?"

सरलाबाईंनी नाणं पुन्हा पदरात बांधायला घेतलं.

"घरमा तुम्ही इंजिननं बोलनं आयकतस. गाडी बंद पडे, तव्हयच मन्हं आयकेत."